उलटा ठेवलेला कागद

श्री सेवालाल महाराजांचे स्मरण करून.

मी, उदयसिंग भाऊसिंग राठोड, वय अदमासे एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार धनजजवळचा तांडा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, छाती मात्र नाही. कारंज्याच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकले आणि हृदय वाढले आहे असे सांगितले. वाढले ते चांगले की वाईट, असे मी विचारले. ते हसले नाहीत, त्यावरून समजलो. सहा महिने म्हणाले, फार तर वर्ष.

मला कोणी धाक घातलेला नाही, भुरळ घातलेली नाही, आणि मी नशापाणी करीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. कायद्याची भाषा कोठे चुकली तर धनजच्या शाळेचे जगदेव मास्तर ती दुरुस्त करतील. पण माझी एक चूक त्यांना किंवा कोणालाही दुरुस्त करता येणारी नाही, आणि हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. घर आणि शेत काय, चार ओळींत वाटून होते. कामरगावच्या अमीनाबीला मी जे अकरा वर्षे सांगितले नाही, ते यात आहे. त्यासाठी एका जपानी जनरलाची हकीकत यात येईल. ती उगाच आली आहे असे कोणी समजू नये.

कलम १. घर. तांड्यातील माझे घर, त्याच्या पुढचा ओटा आणि मागचा गोठा, माझी पत्नी गोमतीबाई हिचा. तिच्यानंतर मालेगावला दिलेली आमची मुलगी जमनाबाई हिचा. लढाईच्या काळात मी बेपत्ता असल्याची तार आली, तेव्हा याच ओट्यावर माझा भाऊ मोहनसिंग तिला म्हणाला होता, "वहिनी, दंडावरच्या बांगड्या उतरव आता. तार आली." आमच्यात नवरा जिता असेपर्यंत त्या दंडावर असतात. गोमतीबाई म्हणाली, "तार आली ना? त्याइचा मुर्दा त नाई आला? मुर्दा आला की उतरवतो म्हनाव." चार वर्षे तिने त्या उतरवल्या नाहीत. या घरावर माझ्यापेक्षा तिचाच हक्क जास्त आहे.

कलम २. शेत. एकूण अकरा एकर. पैकी नऊ एकर आणि दोन्ही बैल गोमतीबाईला, तिच्यानंतर जमनाबाईला. नाल्याकाठचे दोन एकर काळे रान कामरगावची अमीनाबी, सैफुद्दीन नालबंदाची बेवा, हिला. कारण पुढे येईल.

कलम ३. मोहनसिंग. मी मेलो असे समजून माझ्या भावाने आमच्या दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दोन हात माझ्या बाजूला सरकवला. मी जिवंत परत आलो तेव्हा तो सगळ्या तांड्यासमोर म्हणाला, "खेचरं हाकत गेला अन जपान्या होऊन आला!" तेव्हापासून लहानथोर मला जपान्या म्हणतात. ते नाव मी त्याला माफ केले आहे, धुरा केलेला नाही. माझ्या तेराव्याच्या आत त्याने तो जागेवर आणावा. आणला तर माझी पितळी घागर आणि नवी झूल त्याला द्यावी. न आणला तरी त्याच्याशी भांडू नये; दोन हात जमिनीसाठी गोमतीबाईने तोंड खराब करू नये.

कलम ४. दोन वस्तू. देवघरात एक चिनी मातीची गोल डबी आहे. तिच्यात लाल लगदा आहे. गोमतीबाईला वाटते की मी परदेशातून शेंदूर आणला. ती कधी कधी तो देवाला लावते. मी तिला कधी काही बोललो नाही. तो शेंदूर नव्हे. दुसरी वस्तू म्हणजे माझ्या लाकडी पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली नालबंदाची हातोडी. ती सैफुद्दीनची आहे. माझ्या मृत्यूनंतर ती अमीनाबीला द्यावी.

कलम ५. जनरल ताकेनुमा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. जनावराच्या पाठीवर ओझे कसे बसवावे हे आम्हाला शिकवावे लागत नाही. म्हणून सन १९४० साली मी फौजेच्या खेचर कंपनीत लागलो. सैफुद्दीनही त्याच दिवशी लागला, नालबंद म्हणून. सिंगापूर पडले तेव्हा आम्ही दोघे जपान्यांच्या कैदेत सापडलो. आझाद हिंद फौजेत गेले ते गेले. आम्हा खेचरवाल्यांना जहाजात घालून दक्षिणेच्या एका बेटावर नेले. त्या बेटाला डचांनी एक नाव ठेवले होते, जपान्यांनी दुसरे, आणि तेथल्या कोळी लोकांचे तिसरेच होते. कोणते खरे हे मी ठरवू शकत नाही, म्हणून नुसते बेट लिहितो.

तेथे गव्हर्नर म्हणून जनरल ताकेनुमा आले. आमच्या भाषेत लाटसाहेब. साठीला टेकलेले, बुटके, उजवे मनगट गोळी लागून अधू झालेले. त्यांच्याबरोबर एक म्हातारी घोडी होती. एके दिवशी दुभाष्याने आम्हा कैद्यांना रांगेत उभे करून विचारले, घोडे कोणाला समजते? सैफुद्दीनने मला पाठीमागून ढकलले. "जाय ना बे उदेसिंग! खेचराच्या लाता खाऊन तुयी पाठ पक्की झाली, आता घोडीच्या खाय." असा मी घोडीवाला झालो. बाकीचे रस्त्यावर दगड फोडत होते तेव्हा मी सावलीत खरारा करीत होतो. घोडीचे नाल ठोकायला मी सैफुद्दीनला मागून घेई, म्हणजे त्यालाही महिन्यातून दोन दिवस सावली मिळे.

लाटसाहेब रोज सकाळी तबेल्यात येत. त्यांची मलायी भाषा मोडकी, माझी त्याहून मोडकी. तेवढ्यात तीन वर्षे बोलणे झाले. त्यांनी मला जे सांगितले ते असे.

ते बर्फाच्या मुलखातल्या एका शाळामास्तराचे धाकटे चिरंजीव. तेराव्या वर्षी लष्करी शाळेत गेले. पहिली लढाई त्यांनी उत्तरेच्या थंडीत केली, तीत पायाची दोन बोटे गळून गेली. मग वीस वर्षे मुंगीच्या पावलाने एकेक पायरी चढले. चीनमध्ये त्यांच्या हाताखाली दहा हजार माणसे होती आणि त्यांनी तटबंदी असलेले एक मोठे शहर घेतले. त्या शहरात काय झाले, असे मी एकदा विचारले. त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी पुन्हा विचारले नाही. ते शहर त्यांच्या हिशेबात आहे, आणि तो मांडणारा मी नव्हे.

मलायात त्यांची पलटण सगळ्यांच्या पुढे होती. एका नदीवर त्यांनी ती दीड दिवस थांबवली. मागे जंगलात जखमी राहिले होते, ते गोळा होईपर्यंत पुढे जाणार नाही म्हणाले. वरून हुकूम आला तरी हलले नाहीत. नदी ओलांडली, लढाई जिंकली, पण राजधानीत कोणी तरी लिहून कळवले की ताकेनुमा म्हातारा झाला. त्यांच्याकडे अशा माणसाला शिक्षा करीत नाहीत, खुर्ची देतात. त्यांना बेटाचे गव्हर्नर केले. ते मला म्हणाले, "उदा, माझ्याकडून फौज काढून घेतली आणि माणसे दिली. फौजेचे काय करायचे ते मला येते."

आल्या आल्या त्यांनी घोडीवरून अकरा दिवसांत सगळे बेट पाहिले. शिपायाने दाम दिल्याशिवाय कोणाची कोंबडी घेऊ नये, असा पहिला हुकूम काढला. बाजार पुन्हा भरू लागला. दोन विहिरी खणल्या. पण बेट म्हणजे एक मोठी पलटण, असेच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. सकाळी सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून वाकायचे, म्हाताऱ्या बायांनीसुद्धा. जो वाकला नाही त्याला शिपाई थोबाडीत मारीत. मी सांगितले की आमच्यात देवाला वाकतात, दिशेला नाही. ते म्हणाले, वाकल्याने पाठ मोडत नाही. खाऱ्या पाण्याच्या जमिनीत त्यांनी भात लावायला लावला. लोक सांगत होते, येथे भात येत नाही. त्यांनी ऐकले, पण तिसऱ्या हंगामाला. मधल्या दोन हंगामांत लोकांनी झाडांची साल उकळून खाल्ली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या ताटातला भात निम्मा केला. एका माणसाच्या निम्म्या भाताने बेटाचे पोट भरत नाही हे त्यांनाही कळत होते. तरी त्यांनी तो पुन्हा पुरा केला नाही.

त्यांची सत्ताही पुरी नव्हती. पकडणारे, मारणारे लष्करी पोलीस वेगळे होते. ते आपल्या साहेबाचे ऐकत, लाटसाहेबाचे नाही. पण कागदावर मोहर लाटसाहेबाचीच लागत असे. आपल्याकडे पाटील ओट्यावर बसलेला असतो आणि गाव दुसराच कोणी चालवतो, त्यातला प्रकार.

कलम ६. मोहर आणि कागद. हे कलम सावकाश वाचावे.

जपानी माणूस सही करीत नाही. करंगळीएवढी त्याची मोहर असते, ती लाल लगद्यात बुडवून कागदावर उमटवतो. ती उमटली की तो माणूस स्वतः बोलला असे धरतात. लाटसाहेबांचे मनगट अधू, आणि कागद रोज शंभर. त्यांचा कारकून हिवतापाने गेल्यावर ते एके दिवशी मला म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे. घोडीला काटा टोचतो तेव्हा तू कसा काढतोस ते मी पाहिले आहे." रात्री ते कागद वाचून ठेवीत. जो पटला नाही तो खणात टाकीत. बाकीची चळत सकाळी व्हरांड्यात माझ्यापुढे येई. मी मोहर आधी कपाळाला लावी, मग डबीत, मग कागदावर. ते पाहून ते पहिल्यांदा हसले होते. मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. नव्या विहिरींचे कागद त्यात होते, भाताचेही. लष्करी पोलिसांनी पकडलेल्या सहा कोळ्यांना फाशी दिली तो कागदही त्यातच असला पाहिजे. कोणता ते मला माहीत नाही. सगळे सारखेच लाल झाले.

सन १९४४ चा ऑगस्ट. त्या सकाळी लाटसाहेब कागद वाचत असतानाच बंदरावरून शिपाई धावत आला. ते तसेच उठून गेले. मी व्हरांड्यात आलो तर चळत मेजावर होती आणि सगळ्यांत वरचा कागद उलटा होता, पांढरी बाजू वर.

माझी आई उलटी पडलेली वस्तू घरात राहू देत नसे. वहाण उलटी दिसली की सुलटी कर, नाही तर घरात भांडण होते. वाटी उलटी, सूप उलटे, पाट उलटा, काही चालत नसे. आमच्या तांड्यात आजही कोणी ते पाहून पुढे जात नाही. मला वाटले वाऱ्याने उलटला. मी तो कागद सुलटा केला, हाताने सारखा केला आणि त्यावर मोहर उमटवली. त्या दिवशी ती फार स्वच्छ उमटली होती, कडा तुटली नव्हती. मला समाधान वाटले, हेही मी लिहितो, कारण ते खरे आहे.

दहा वाजता शिपाई चळत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी छत्तीस कैद्यांना पलीकडच्या बेटावर विमानाचे मैदान करायला पाठवले. त्यात सैफुद्दीन होता. बंदराकडे जाताना त्यांची रांग तबेल्यावरून गेली. त्याने रांगेतूनच हातोडी माझ्याकडे फेकली आणि ओरडला, "मागचा डावा नाल ढिला हाये, पाह्य! अन रडू नको बे, मैदानच करून राह्यलो, कबर नाई!" त्यांचे जहाज पोहोचले नाही. वरून बॉम्ब पडले. छत्तीसांतला एकही परत आला नाही.

बंदरावरून तसेच बोटीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेले लाटसाहेब जहाज बुडाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी परतले. मला बोलावून त्यांनी विचारले, "वरचा कागद उलटा होता ना?"

"होता. मी सुलटा केला."

त्यांनी मला सांगितले की तो छत्तीस नावांचा कागद होता. समुद्र धोक्याचा झाला म्हणून त्यांना तो द्यायचा नव्हता. नकाराचे कारण लिहावे लागते, ते लिहायला वेळ नव्हता, म्हणून उलटा ठेवून गेले होते. मी त्यांच्या पायांजवळ बसलो. ते रागावतील म्हणून वाट पाहत राहिलो. ते म्हणाले, "चूक माझी. 'नाही' हे तोंडाने म्हणायचे असते. मी ते कागदाकडून म्हणवले." त्या दिवसानंतर मोहर त्यांनी स्वतः उमटवली, दुखऱ्या हाताने.

कलम ७. अदालत. जपान हरल्यावर लाटसाहेबांनी तलवार खाली ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी तबेल्यात येऊन त्यांनी मला लाल लगद्याची डबी दिली. तिच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवली होती. ती त्यांच्या मुलीच्या पत्त्याची, तिचे नाव फुमिको. ते म्हणाले, "कधी जमले तर तिला लिही, की घोडी शेवटपर्यंत चांगली होती." मी आजपर्यंत लिहिले नाही. लिहायचे तर सगळेच लिहावे लागले असते.

बंदरावर गोऱ्या साहेबांनी अदालत भरवली. पाच आरोप होते. चार त्यांचे होतेच, मी ते नाकारणार नाही. त्या सहा कोळ्यांच्या बायका समोर बसल्या होत्या. पाचवा त्या छत्तीस नावांचा. साहेबाने कागद वर धरला. मला लांबून लाल ठिपका दिसला. विचारले, ही मोहर कोणाची? ते म्हणाले, "माझी." विचारले, तुम्हीच उमटवली? ते म्हणाले, "माझी मोहर म्हणजे मी." मी त्याच खोलीत साक्षीदारांच्या बाकावर होतो. माझी साक्ष झाली, कैद्यांना काय खायला मिळे ती. मोहरेबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मी आपण होऊन बोललो नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि खिडकीकडे पाहू लागले. तेथून घोडी दिसत नव्हती, तरी ते पाहत राहिले.

त्यांना फाशी झाली. पाचवा आरोप नसता तर झाली नसती, असे मी म्हणत नाही. पण त्यांनी तो आपल्या खांद्यावर घेतला, आणि ज्याचा होता तो जहाजात बसून घरी आला.

कलम ८. अमीनाबी. सन १९४६ च्या दिवाळीनंतर मी कामरगावला अमीनाबीच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. तिने मला खाली बसवले, पाणी दिले आणि विचारले, "भाईजान, माया माणूस कोणी मारला?" मी म्हणालो, "जपानी लाटाच्या हुकमानं गेला, भाभी." एवढेच म्हणालो. ते खोटे नाही. कागदावर त्याचीच मोहर होती.

अकरा वर्षे ती रोज पहाटे नमाजानंतर जपानी लाटाला शाप देते. मी तिच्या दुकानात जातो, ती मला चहा पाजते, आणि माझ्यादेखत त्याच्या सात पिढ्या काढते. मी चहा पितो. शाप ज्याच्या नावाने दिला त्याच्याकडेच जातो, असे मी मानतो. त्यांच्या कर्माचे शाप त्यांना पोचलेच असतील, पण हा त्यांचा नव्हे. हा रस्ता चुकलेला शाप त्या मेलेल्या माणसाच्या दारात अकरा वर्षे पडतो आहे, आणि तो तेथून उचलण्याचा अधिकार फक्त अमीनाबीला आहे. तिला खरे कळल्याशिवाय ती तो कसा उचलणार?

कलम ९. ~~हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर जगदेव मास्तरांनी कामरगावला जाऊन अमीनाबीला वाचून दाखवावे.~~ हे कलम मी खोडले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. कारण असे, की काल ते लिहून झाल्यावर मी ते वाचले आणि मला उमजले की मी पुन्हा तेच करतो आहे. तोंडाने बोलायचे ते कागदाकडून बोलवतो आहे, आणि तेही मी तेथे नसताना. निदान लाटसाहेब अदालतीत उभे राहिले होते. म्हणून मी अमीनाबीला निरोप पाठवला आहे. तिने उद्या तांड्यावर यावे, मृत्युपत्रावर साक्षीदार लागतो. काय ऐकायचे आहे ते निरोपात सांगितले नाही.

कलम १०. वाचून दाखवल्यानंतर लिहिलेले. आज अमीनाबी दहाच्या मोटारीने आली. जगदेव मास्तर आधीच येऊन बसले होते. मास्तर म्हणाले, "मी वाचतो, तुमाले दम लागते." मी नको म्हणालो. उभा राहून मीच वाचले. सहाव्या कलमात तीन वेळा थांबलो, ते दमामुळे नव्हे.

चौथ्या कलमाला गोमतीबाई मध्येच ओरडली, "आग माय! मी त सेवाभायाले ते लावून राह्यली!" अमीनाबी तेव्हा हसली होती. शेवटपर्यंत वाचून मी कागद खाली ठेवला. ओट्याखाली दोन शेळ्या भांडत होत्या.

अमीनाबी म्हणाली, "कागद उलटा होता?"

"हो."

"म्हंजे त्या बुढ्ढ्यानं नाई म्हनलं होतं."

"हो, भाभी."

"अन तू त्याचं हो केलं."

"हो."

"भाभी म्हनू नको मले." ती ओट्याच्या कडेला सरकून बसली. "फजरच्या वक्ताले मी दोन नावं घेत होती. त्या लाटाले बद्दुवा, अन तुले दुवा. की भाईजान सैफूचा दोस्त, याले लंबी उमर दे. अकरा वरसं! दोन्ही उलटं झालं ना बे उदयसिंग."

तिने विचारले, "नाव काय त्याचं? मी त लाटच म्हनत आली."

"ताकेनुमा."

तिला ते नीट येईना. तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि चौथ्यांदा स्वतः बरोबर म्हटले. मग ओढणीचा पदर डोक्यावर सारखा करून तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. ते आम्हाला ऐकू आले नाही आणि आम्ही विचारले नाही.

गोमतीबाईनेच विचारले, मी नाही. "बाई, याइले माफ करशीन काय?"

"माफी म्हंजे वावर हाये काय, कागदावर लिहून द्यायले?" अमीनाबी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "डाक्टर सहा महिने म्हनते ना? त सहा महिने मरू नको. दर जुम्म्याले कामरगावले ये अन माया दुकानासमोर बस. सैफू तिथं काय खाये, काय बोले, कोणाले शिव्या दे, समदं सांग. अकरा वरसं तू मले अर्धंच सांगतलं. समदं सांगून झालं की मंग पाहू. चहा भेटनार नाई."

मी येईन म्हणालो.

"अन ते हातोडी मेल्यावर कायले? आत्ता दे."

गोमतीबाईने पेटीतून हातोडी आणून दिली. अमीनाबीने फडके सोडले, दांड्यावरून अंगठा फिरवला, जेथे सैफुद्दीनच्या हाताने लाकूड झिजले आहे तेथे, आणि ती आपल्या पिशवीत ठेवली.

मग जगदेव मास्तर म्हणाले, "एक अडचन हाये. ज्याले वावर भेटते त्यानं साक्ष करू नये. बाई, दोहीतून एक निवडा. दुसरा साक्षीदार मी आणतो पाहिजे त."

अमीनाबी म्हणाली, "वावर नको. वावर घेतलं त लोकं म्हनतीन, चुकीचा मोबदला घेतला. मी साक्ष करतो. अदालतीत याले कोणी इचारलं नाई, इथं तरी कोणी असावं ज्यानं ऐकलं."

म्हणून कलम २ मधील अमीनाबीस दोन एकर देण्याचा मजकूर मी रद्द करतो. ते दोन एकर बाकीच्या नऊ एकरांप्रमाणेच गोमतीबाईला आणि तिच्यानंतर जमनाबाईला जातील. कलम ४ मधील हातोडी ज्याची त्याला पोचली. डबी मी स्वतः फुमिकोबाईंच्या पत्त्यावर पाठवीन आणि बरोबर पत्र लिहीन, सगळे. घोडी शेवटपर्यंत चांगली होती, हेही लिहीन. माझ्या हातून राहिले तर ते जगदेव मास्तरांनी करावे. माझ्या मागे भोग लावाल तेव्हा अग्नीत माझ्या नावाआधी दोन नावे घ्यावीत: सैफुद्दीन आणि ताकेनुमा. धर्म विचारू नये.

सहीच्या वेळी मास्तरांनी शाईची गादी पुढे केली. अमीनाबीने विचारले, "लाल त नाई?" काळी होती. तिने अंगठा शाईत टेकवला, पण कागदावर ठेवण्याआधी थांबली. तिला वाचता येत नाही. तिने कागद उचलला, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली, आणि मला नाही, मास्तरांना विचारले, "सुलटा हाये ना? त्यानं वाचलं तेच हाये ना याच्यावर?"

मास्तर म्हणाले, "सुलटा हाये, बाई."

"पुना पाहा."

मास्तरांनी पुन्हा पाहिले.

हा कागद मी पुरत्या शुद्धीत, माझ्या घराच्या ओट्यावर, खालील दोघांच्या समोर सही केला आणि त्या दोघांनी माझ्या समोर.

ठिकाण: तांडा, धनज.
तारीख: १० नोव्हेंबर १९५७, रविवार.

मृत्युपत्र करणार:
उदयसिंग भाऊसिंग राठोड. सही माझ्या हाताची. शिक्का नाही.

साक्षीदार:
१. जगदेव सखाराम भगत, शाळामास्तर, धनज. सही.
२. अमीनाबी, सैफुद्दीन नालबंद यांची बेवा, कामरगाव. निशाणी अंगठा. कागद सुलटा असल्याची दोनदा खात्री करून घेतल्यावर दिली.